एक्केचाळीस नंबरच्या काठ्या

“या काठ्या कोणी ठोकल्या म्हणालीस?”

यापच्या हातातला चीज-ब्रेड तोंडाशी येऊन थांबला होता. नजर माझ्या लॅपटॉपवर.

“कोळ्यांनी,” मी म्हणाले. “जाळ्यांच्या काठ्या आहेत त्या.”

“कुठल्या कोळ्यांनी?”

“ते मला काय माहीत? असतील तुमच्या उर्कचेच कोणीतरी.”

याप उर्कचा. उर्क हे पूर्वी बेट होतं, कोळ्यांचं गाव. त्याचे वडील, आजोबा, तीन काका याच तळ्यात मासे पकडायचे. यापनेही बरीच वर्षं तेच केलं आणि मग आमच्या कंपनीची सर्व्हे-बोट चालवायला लागला. आता साठीला आलाय. त्याने ब्रेड डब्यात ठेवला, हात पँटला पुसले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“मेधा, तिथे कोणी काठ्या ठोकत नाही. तिथला गाळ ताकासारखा आहे. काठी उभीच राहणार नाही. आणि काठ्या ठोकणारा माणूस सरळ रेषेत ठोकतो. ही ओळ बघ. या टोकाला वळतेय.”

मी पाहिलं. ओळ खरंच वळत होती. तीन आठवडे ते चित्र माझ्याकडे होतं आणि तीन आठवडे ती वळत होती.

गंमत अशी, की ते चित्र मी यापला मोठ्या अभिमानाने दाखवायला काढलं होतं. ऑफिसात नवीन ट्रेनी येणार होते आणि त्यांच्यासाठी मी एक स्लाइड केली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘हे जहाज नव्हे! काठ्या कशा ओळखाव्यात’.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी हायड्रोग्राफिक सर्व्हेयर आहे, म्हणजे पाण्याखालच्या जमिनीचे नकाशे करते. पुण्यात सिव्हिल केलं, मुंबईत बंदराचा गाळ उपसण्याच्या कामावर दोन वर्षं काढली, मग इथे मास्टर्स आणि आता रॉटरडॅममधल्या एका छोट्या कंपनीत नोकरी. राहायला रायस्वाइकला. आई नातेवाइकांना सांगते, “आमची मेधा समुद्र मोजते.” त्यावर एका मावशीने विचारलं होतं, “रोज?”

हो, जवळपास रोज. बोटीच्या तळाला एक यंत्र असतं, त्याला मल्टीबीम म्हणतात. ते पाण्यात आवाज सोडतं, तो पंख्यासारखा पसरतो, तळाला आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. सेकंदाला हजारो ठिपके मिळतात आणि ते जोडले की तळाचं चित्र तयार होतं. अडचण एवढीच, की आवाज माशाला आपटतो, बुडबुड्याला आपटतो, प्लास्टिकच्या पिशवीलाही आपटतो. त्यामुळे नंतर कोणालातरी बसून ते ठिपके साफ करावे लागतात. तांदूळ निवडतात तसं. नको असलेला ठिपका बाजूला काढला की त्याला आम्ही ‘रिजेक्ट’ केला म्हणतो. हे निवडण्याचं काम माझं.

आणि तळं म्हणजे आयसेलमेर. तळं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पाषाण किंवा कात्रज येतं. हे तसलं नव्हे, इथे मध्यावर गेलं की किनारा दिसत नाही. गेल्या शतकापर्यंत हा समुद्राचाच एक फाटा होता. मग डच लोकांनी मोठा बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आतलं पाणी हळूहळू गोडं झालं. त्याआधी शेकडो वर्षं ॲमस्टरडॅमला जाणारा माल याच उथळ पाण्यातून जायचा. पाणी उथळ, लाटा आखूड आणि उभ्या, वारा कधीही उलटणारा. जहाजं बुडायची. तळ्याचा जो भाग बांध घालून आणि पाणी उपसून कोरडा केला, तिथे शेतकऱ्यांच्या नांगराला जहाजं लागली आहेत. बाकीची अजून पाण्याखाली, गाळात. लाकूड पोखरणारा किडा खाऱ्या पाण्यात फोफावतो, इथे समुद्र असतानाही पाणी निमखारंच होतं, म्हणून त्याचं फारसं जमलं नाही. त्यामुळे लाकूड टिकलंय.

याच तळ्याच्या तळातून विजेची एक केबल जाणार होती. केबलचा पट्टा आम्ही मोजला होता. पट्ट्यात जे जे सापडतं त्याला नंबर देतात आणि पुढे ते काय आहे ते लिहितात: टायर, साखळी, नांगर. एक्केचाळीस नंबरपुढे मी लिहिलं होतं, ‘कोळ्यांच्या मोडक्या काठ्या. अडथळा नाही.’ रिपोर्टवर सही माझी. आणि सोमवारी सकाळी सात वाजता केबल पुरणारं जहाज त्या पट्ट्यात उतरणार होतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते तळात चर पाडत जातं. वाटेत काठ्या आल्या तर काठ्या उडतात. जहाज आलं तर जहाज.

त्या दिवशी गुरुवार होता. आमची बोट लेलिस्टाडच्या बंदरात बांधलेली होती.

“रिजेक्ट केलेलं परत आणता येतं का?” यापने विचारलं.

येतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच पुसलं जात नाही, फक्त लपवलं जातं. मी बटण दाबलं. स्क्रीनवर लाल ठिपक्यांचा सडा पडला. मासे, बुडबुडे, सगळा कचरा परत आला. मी चित्र फिरवलं, वरून पाहिलं. माझ्या वाकड्या ओळीच्या समोर, साधारण पाच मीटरवर, लाल ठिपक्यांची दुसरी ओळ होती. बुटकी, तुटक, गाळातून जेमतेम वर आलेली. फिल्टरने ती आवाजाचा कचरा म्हणून आपोआप फेकली होती आणि मी त्यावर डोळे मिटून ओके केलं होतं. तीही वळत होती. दोन्ही ओळी एका टोकाला एकमेकींकडे येत होत्या.

“अगं बाई!” मी मराठीत ओरडले.

यापला मराठी येत नाही. पण तो उठला आणि इंजिनाकडे गेला.

मी मार्टेनला फोन लावला. मार्टेन माझा बॉस. इथे बॉसपासून बोटवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीत बोलतात, तेव्हा वाचकांनी राग मानू नये.

“मार्टेन, एक्केचाळीस नंबर काठ्या नाहीत.”

“मग?”

“जहाज आहे असं वाटतंय.”

पलीकडून आलं, “पुन्हा?”

त्या ‘पुन्हा’चा खुलासा करायला हवा. गेल्या वर्षी, नोकरीला लागून तीन महिने झाले होते, तेव्हा मला अशीच एक ओळ दिसली होती. मी हरखून गेले. जहाज, जहाज म्हणून ऑफिस डोक्यावर घेतलं. सरकारी पुरातत्त्व खात्याच्या सास्कियाला बोलावलं, डाइव्हर आले, अख्खा दिवस गेला. डाइव्हर वर आला तेव्हा त्याच्या हातात एक मोडकी काठी आणि फाटक्या जाळ्याचा बोळा होता. इथले कोळी लांब नळीसारखी जाळी काठ्यांना बांधून तळ्यात लावतात आणि थंडीत बर्फाने काठ्या मोडल्या की बुंधे पाण्याखाली राहतात. इथल्या प्रत्येक सर्व्हेयरला हे माहीत असतं. मला नव्हतं. महिनाभर माझ्या मॉनिटरवर कोणीतरी समुद्री चाच्याच्या डोळ्याची काळी पट्टी चिकटवत होतं. मी काढायचे, दुसऱ्या दिवशी नवीन. मार्टेन मात्र एक शब्द बोलला नाही आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मग मी काठ्यांचा अभ्यास केला. किती अंतरावर ठोकतात, किती जाड, मोडल्यावर कशा दिसतात. इतका, की मला जिथेतिथे काठ्याच दिसायला लागल्या.

“वाटतंय की आहे?” मार्टेनने विचारलं.

“वाटतंय. पण या वेळी याप म्हणतोय.”

“याप म्हणतोय?” आवाज बदलला. “बोटीवर साइड-स्कॅन आहे?”

“आहे.”

“नुसतं वाटण्यावर मी सोमवारचं काम थांबवू शकत नाही. मला फोटो हवा. आणि उद्या वारा आहे.”

“माहितीये.”

“मग फोनवर काय करतेयस?”

याप दोर सोडतच होता.

तिथे पोचायला दीड तास लागणार होता. वारा चारनंतर वाढेल असं हवामान खातं म्हणत होतं. यापचं मत होतं तीनच्या आधी. त्याने आकाशाकडे पाहिलं वगैरे नाही, त्याच्या फोनवर तीन वेगवेगळी ॲप्स आहेत. मी खाली केबिनमध्ये साइड-स्कॅनची जोडणी केली. हे यंत्र म्हणजे हातभर लांबीची पिवळी नळी, बोटीमागे दोराने ओढायची. अंधाऱ्या खोलीत टॉर्च फरशीशी तिरपा धरला तर सांडलेल्या साबुदाण्याचीही लांब सावली पडते. हे तेच करतं, आवाजाने. उभी वस्तू असेल तर तिची सावली दिसते आणि सावलीवरून आकार कळतो.

मला इतकं छान कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं, हे कबूल करते. माझीच चूक उघडी पडायला आम्ही निघालो होतो आणि मी मनातल्या मनात त्या चुकीला म्हणत होते, चूकच निघ, प्लीज चूकच निघ.

पहिली फेरी वाया गेली. वारा अडीचलाच सुटला होता. लाटांनी नळी वरखाली नाचत होती आणि स्क्रीनवर नुसते लाडू वळल्यासारखे गोळे दिसत होते.

“लाटा समोरून घेतो,” याप वरून ओरडला. “बाजूने नको.”

दुसऱ्या फेरीत चित्र स्वच्छ आलं, पण आम्ही जागेपासून वीस मीटर लांबून गेलो. सुंदर, सपाट, रिकामा गाळ. तिसऱ्या फेरीआधी यापने खिडकीतून डोकं आत घातलं.

“ही शेवटची. यानंतर मी थांबणार नाही, तुझ्या जहाजासाठी माझी बोट बुडवायची नाहीये.”

“वेग कमी कर.”

“अजून कमी केला तर आपण उलटे जाऊ.”

तरी त्याने केला. साइड-स्कॅनचं चित्र एकदम येत नाही, वरून एकेक ओळ उतरत येते. गाळ. गाळ. गाळ. मग एक काळी रेघ. तिच्यापुढे लांब सावली. मग दुसरी. तिसरी. मी मोजायला लागले आणि अकरानंतर मोजणं सोडलं, कारण दुसऱ्या बाजूच्याही रेघा यायला लागल्या होत्या. दोन्हीकडून, समोरासमोर, टोकाकडे आखूड होत जाणाऱ्या. पापलेट खाऊन झाल्यावर ताटात काटा उरतो ना, अगदी तसा. लाकडी जहाजाच्या फासळ्या. आणि मधोमध एक चौकोनी ढीग, कडा इतक्या सरळ की तो माणसाने रचलेलाच असणार.

“याप!”

“काय?”

“ये खाली! नाही, येऊ नकोस! बोट सांभाळ! याप, आहे! जहाज आहे!”

वरून जे ऐकू आलं ते उर्कच्या बोलीत होतं. अर्थ मला कळला नाही, पण ते बराच वेळ चाललं होतं. मग मी स्क्रीनचा फोटो काढून वर नेला. त्याने एका हाताने सुकाणू धरून पाहिला, चष्म्याखालून डोळे पुसले आणि म्हणाला, वारा फार आहे. वारा होताच.

शुक्रवारी सकाळी साडेआठला सास्कियाला फोन केला. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, “मेधा! पुन्हा काठ्या?”

“फोटो पाठवलाय. बघ आणि मग बोल.”

ती बघत असताना तिच्या घरातल्या डिशवॉशरचा आवाज मला ऐकू येत होता.

“हे कुठे आहे?” तिचा आवाज अगदी हळू झाला होता.

“केबलच्या पट्ट्यात. बरोबर मधोमध. सोमवारी सातला काम सुरू होतंय.”

“उद्या डाइव्हर पाठवते. वारा उतरतोय उद्या. आणि मेधा, तो मधला ढीग म्हणजे माल आहे. त्यांचा माल अजून जागेवर आहे!” ती आता माझ्यासारखीच ओरडत होती.

उरला क्लायंट. दहा वाजता मीटिंग होती. आदल्या संध्याकाळी मी चौदा स्लाइड्स केल्या होत्या. फिल्टर कसा चालतो, गाळ कसा सरकतो, हिवाळ्यातल्या वादळांनी वरचा थर कसा वाहून गेला असावा, एवढ्या उथळ पाण्यात कोणालाही कसा गोंधळ होऊ शकतो. मुंबईत मी हेच शिकले होते. चूक सांगायची तर आधी भरपूर कापूस गुंडाळायचा आणि मग कापूस पुढे करायचा.

क्लायंटच्या बाजूने बास नावाचा प्रोजेक्ट मॅनेजर होता. उंच, घाईत, हातात सफरचंद.

“तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय अडथळा नाही,” तो म्हणाला. “काल रात्रीच्या मेलमध्ये लिहिलंय जहाज आहे. मी कुठलं धरू?”

मी पहिली स्लाइड लावायला गेले. मार्टेनने टेबलाखालून माझ्या बुटाला पाय लावला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली: नको.

“मेल धरा,” मी म्हणाले. “रिपोर्टमध्ये माझी चूक झाली. मी ते काठ्या समजून काढून टाकलं.”

आता काय येईल? कॉन्ट्रॅक्ट, ईमेल, वरचे साहेब. माझा व्हिसा या नोकरीवर आहे, तेही डोक्यात येऊन गेलं.

बासने सफरचंदाचा एक चावा घेतला. “ओके. किती मीटर सरकावं लागेल?”

“अं?”

“केबल. किती मीटर बाजूला घेऊ? उत्तरेला की दक्षिणेला?”

“दक्षिणेला. साठ पुरतील. तिथला डेटा स्वच्छ आहे.”

“तो नक्की स्वच्छ आहे?”

“काल रात्री जेवणाआधी रिजेक्ट केलेल्या ठिपक्यांसकट पुन्हा पाहिला. आणि यापलाही दाखवला.”

“ठीक. पण सास्कियाच्या डाइव्हरने होकार दिला तरच. नाहीतर मी जुन्याच मार्गाने जाणार. रविवारी संध्याकाळपर्यंत मला लेखी हवं.”

मीटिंग सात मिनिटांत संपली. चौदा स्लाइड्स अजून माझ्याकडे आहेत. कोणाला हव्या असतील तर सांगा.

शनिवारी तळं इतकं शांत होतं की पाण्यावर बदकं रांगेत बसली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. यापलाही कोणी बोलावलं नव्हतं, तोही आला होता, धुतलेला स्वेटर घालून. डाइव्हर खाली गेला. पाणी चार-साडेचार मीटर, पण गाळामुळे हातभरही दिसत नाही. तो चाचपडत जात होता आणि त्याचा आवाज स्पीकरवर येत होता.

“लाकूड,” तो म्हणाला. “उभं. जाड. काठी नाही.”

सास्कियाने माझा दंड धरला. जोरात.

“दुसरं. तिसरं. आतल्या बाजूला फळ्या आहेत.” श्वास. बुडबुडे. “आता ढिगाकडे जातोय... विटा. विटा आहेत. रचलेल्या. हजारो असतील.”

तेव्हा मला रडू आलं. कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही. कोणीतरी त्या विटा एकेक करून रचल्या होत्या, नीट, कोपरे जुळवून. सोमवारी सकाळी सव्वासातला त्या माझ्या सहीने उडाल्या असत्या.

डाइव्हरने नमुना म्हणून एक वीट वर आणली. लहानशी, पिवळट, बोटभर जाड. सास्कियाने ती पाण्याच्या टबात धुतली आणि पालथी केली. एका कोपऱ्यात चार छोटी गोल बोटं आणि एक मोठा ठसा होता. विटा ओल्या असताना त्यांच्यावरून मांजर चालत गेलं होतं.

“किती वर्षांची?” मी विचारलं.

“आत्ता नाही सांगणार,” सास्किया म्हणाली. “विटांची मापं घेईन, लाकूड तपासेन, मग सांगेन. मी घाई करत नाही.” ही शेवटची कोपरखळी मला होती आणि मी ती निमूट घेतली.

जहाज बाहेर काढणार नाहीत. इथली पद्धत अशी, की सापडलं तर शक्यतो जागेवरच ठेवायचं, वर जाळी घालायची आणि वाळूने झाकायचं. लाकूड इतकी वर्षं तिथे टिकलं, तर तेच त्याचं घर. केबल दक्षिणेला साठ मीटरवरून गेली. बासचा मेल आला: ‘सोमवारी सुरू केलं. काही अडचण नाही.’

आणि शनिवारचं एक राहिलं. परत येताना सास्कियाने टॅबलेटवर सरकारी फॉर्म उघडला. नव्या सापडलेल्या जहाजाची नोंद. जागा, खोली, लांबी. मग एक रकाना होता: प्रथम कोणी पाहिलं आणि केव्हा.

“यापने,” मी म्हणाले. “गुरुवारी.”

“मी लॅपटॉप पाहिला,” याप म्हणाला. “जहाज हिने पाहिलं.”

“डेटा कधीचा?” सास्कियाने विचारलं.

“तीन आठवड्यांपूर्वीचा.”

“स्क्रीनवर तो आधी कोणी पाहिला?”

“मी. पण सास्किया, मी तेव्हा...”

“पाहिला ना? मग तेच.” तिने माझं नाव घातलं, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख घातली आणि सेव्ह केलं.

नवीन ट्रेनींना मी आता सांगते, ठिपका रिजेक्ट करण्याआधी कारण लिहा. ते कारण ‘गेल्या वर्षी सगळे हसले होते’ हे असेल, तर उठा, चहा प्या आणि पुन्हा बघा. सास्कियाने घातलेल्या त्या तारखेला मी काय केलं ते आमच्या सिस्टीमच्या लॉगमध्ये मिनिटामिनिटाला लिहिलेलं आहे. अकरा बावन्नला चित्र उघडलं. अकरा चोपन्नला फिल्टर चालवला. अकरा पंचावन्नला ‘काठ्या’ असं लिहिलं. अकरा छप्पन्नला बंद करून जेवायला गेले. सगळी मिळून चार मिनिटं. सरकारी नोंदीत त्यालाच शोध म्हटलंय.